बोट ठेवून दाखवा, कुठे दुखतंय ते

हंगाम ऐन भरात आहे. वाडीवाडीवर कबड्डीचे आणि टेनिस चेंडूच्या क्रिकेटचे सामने लागलेत, भरतीची तयारी करणारी मुलं पहाटे रस्त्यावर दिसतात आणि आमच्या टपालात दुखण्यांची भर पडतेय. बहुतेक पत्रांत एक गोष्ट राहून जाते. 'पाय दुखतो' एवढंच लिहिलेलं असतं, आणि पाय तर कमरेपासून नखापर्यंत असतो. एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागी दुखतं की तळहात फिरवावा लागतो, खेळाच्या सुरुवातीला दुखतं की नंतर, रात्री झोपेत ठणकतं का, हे कळवलंत तर निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

प्रश्न : वय २१. पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी महिन्याभरापूर्वी धावायला लागलो. रोज ५-६ किलोमीटर, कधी भाट्याच्या किनाऱ्यावर, कधी डांबरी रस्त्यावर. आता दोन्ही नडग्या दुखतात. मित्र म्हणतात, धावत राहा, दुखणं आपोआप मोडेल.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : दुखण्याऐवजी हाड मोडायचं, म्हणून आधी तपासून घ्या. नडगीच्या आतल्या कडेवर घोट्यापासून वर अंगठ्याने दाबत या. पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्टी दुखत असेल, धावायला लागताना दुखून अंग तापल्यावर कमी होत असेल, तर ते खेळाडू ज्याला 'शिन स्प्लिंट' म्हणतात ते दुखणं आहे. हे आटोक्यात येतं. पण एका बोटाखाली मावेल एवढ्याच जागी कळ येते, त्या पायावर उडी मारवत नाही, रात्रीही ठणकतं, अशी लक्षणं असतील तर हाडाला बारीक भेग गेल्याची शंका घ्यायची आणि त्याच दिवसापासून धावणं बंद. अशी भेग पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेत बहुधा दिसत नाही. 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पुन्हा धावायला लागणारे इथेच फसतात. शंका दाट असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ एमआरआय सांगतात. नडगीच्या पुढच्या धारेवर, मधोमध दुखत असेल तर तिथली भेग भरायला फार हट्टी असते. तिथे एक दिवसही वाया घालवू नका.

हे का झालं? तुमचा दम दोन-तीन आठवड्यांत वाढला, हाडाचा वेग मात्र वेगळा आहे. नवा भार आला की हाड आधी थोडं झिजतं आणि मग दाट होतं, त्याला कित्येक आठवडे लागतात. दम वाढला म्हणून तुम्ही अंतर वाढवलंत, ते नेमकं हाड कच्चं असतानाच.

किनाऱ्याचंही एक गणित आहे. पुळणीला समुद्राकडे उतार असतो, त्यामुळे समुद्राकडचा पाय सतत खाली पडतो. त्याच पट्ट्यावरून परत आलात तर बाजू उलटते आणि हिशेब बरोबर होतो. जाताना पुळण आणि येताना रस्ता असं केलंत तर एकच पाय मार खातो. ओहोटीला ओली, टणक आणि जवळजवळ सपाट वाळू मिळते. भरतीला उरतो तो उताराचा आणि भुसभुशीत पट्टा. ओहोटीची वेळ रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा 'रोज पहाटे साडेपाच' हा नियम किनाऱ्यावर चालत नाही. सुक्या, मऊ वाळूत पोटरी आणि टाचेच्या शिरेवर जास्त ताण येतो. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. बूट काढून एकदम अनवाणी धावायला लागू नका.

आता काय करायचं ते. दोन आठवडे धावणं थांबवा. दम टिकवायला सायकल चालवा किंवा छातीइतक्या शांत पाण्यात चाला. पायरीच्या कडेवर पुढचा पंजा टेकवून टाच वर-खाली करा : गुडघा सरळ ठेवून १५ चे ३ संच, गुडघा थोडा वाकवून १५ चे ३ संच, दिवसाआड. दोन्ही पायांनी सोपं वाटलं की एका पायावर या. अर्धा तास भरभर चालून दुखलं नाही आणि प्रत्येक पायावर दहा उड्या बिनत्रास झाल्या की धावणं सुरू करा, तेही एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा, आठवड्यातून तीन दिवस. पुढे धावण्याची मिनिटं वाढवत न्या, चालण्याची कमी करा. धावताना दुखणं दहापैकी दोनच्या आत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उरलं नसेल तर पुढची पायरी. उरलं असेल तर मागची. ढांगा थोड्या आखूड करून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवलीत तर नडगीवरचा धक्का कमी होतो. सलग वीस-पंचवीस मिनिटं निर्वेध धावता आलं की मगच ४०० मीटरच्या वेगवान फेऱ्या, आठवड्यातून एकदा, चार फेऱ्या, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती.

भरतीची तयारी करणाऱ्या मुलींसाठी एक वाक्य : सराव वाढला, जेवण कमी पडलं आणि पाळी लांबली किंवा थांबली, तर हाड कच्चं होतंय असं समजा आणि डॉक्टरांना ते सांगा, नुसती नडगी दाखवून परत येऊ नका.

प्रश्न : आमच्या संघातल्या दोन चढाईपटूंचे दोन वर्षांत गुडघ्याचे लिगामेंट तुटले, दोन्ही वेळा मॅटवर. आम्ही सराव मातीतच करतो. हे टाळता येतं का? एकाची शस्त्रक्रिया होऊन पाच महिने झालेत, तो मे महिन्यात खेळायचं म्हणतोय.
— कबड्डी प्रशिक्षक, देवगड तालुका

उत्तर : शेवटचं आधी. मे महिन्यात नाही. गुडघ्याच्या आत बसवलेल्या नव्या लिगामेंटला शरीराने आपलंसं करायला वेळ लागतो, आणि दुखणं त्याच्या कितीतरी आधी थांबतं. म्हणूनच फसगत होते. शस्त्रक्रियेपासून किमान नऊ महिने, शिवाय मांडीची ताकद आणि एका पायाच्या उडीचं अंतर चांगल्या पायाच्या ९० टक्के तरी, या दोन्ही अटी पुऱ्या झाल्याशिवाय पकडीच्या खेळात उतरवू नका. उडी मोजणं अवघड नाही : खुणेवर एका पायावर उभं राहून लांब उडी, त्याच पायावर उतरून दोन सेकंद स्थिर, टेपने मोजा. प्रत्येक पायाच्या तीन उड्या, त्यांतली सर्वांत लांब धरा.

आता मूळ प्रश्न. हे लिगामेंट बहुतेक वेळा पाय टेकवून अचानक थांबताना किंवा वळताना तुटतं. गुडघा जवळजवळ सरळ असतो, तो आत पडतो, धड वळतं आणि पंजा जमिनीला चिकटून राहतो. मातीत अनवाणी पाय थोडा सरकतो आणि तो जास्तीचा जोर तिथे जिरतो. मॅटवर रबरी तळव्याचा बूट सरकत नाही, सगळा जोर गुडघ्यात जातो. वर्षभर मातीत सराव आणि स्पर्धा मॅटवर, यातच निम्मी अडचण आहे. स्पर्धेआधी तीन-चार आठवडे आठवड्यातून दोनदा तरी मॅटवर, त्याच बुटांत, आधी कमी वेगाने थांबणं-वळणं करून घ्या. तालुक्याच्या ठिकाणी मॅट मिळत असेल तर गाडीभाडं काढा, ते शस्त्रक्रियेपेक्षा स्वस्त पडतं.

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने खेळाडूंसाठी '११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्मअप तयार करून घेतला. तो नियमाने करणाऱ्या संघांत दुखापती साधारण एक तृतीयांशाने कमी होतात. कबड्डीसाठी त्याच धर्तीवर असं करा. पहिली पाच-सहा मिनिटं हळू धाव : सरळ, आडवी, उलटी, नागमोडी, मध्ये जोडीदाराला खांद्याने हलका धक्का. मग आठ-दहा मिनिटं ताकद : कोपरांवर प्लँक, म्हणजे कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरणं, ३० सेकंदांचे तीन, दोन्ही कुशींवर तेवढेच; एका पायावर अर्धी बैठक प्रत्येकी दहा; आणि उडी मारून उतरून तीन सेकंद पुतळा, दहा वेळा. शेवटी दोन-तीन मिनिटं वेगाने धावून एकदम थांबणं आणि दिशा बदलणं.

पुतळ्याच्या व्यायामातच खरी मेख आहे. समोरून मोबाइलवर चित्रण करा. उतरताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहिला पाहिजे. दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर तो मुलगा धोक्यात आहे. त्याला नुसतं 'गुडघे बाहेर ठेव' सांगून उपयोग होत नाही. 'आवाज न करता उतर' सांगा. आवाज बंद करायचा तर खुबा आणि गुडघा आपोआप वाकवावे लागतात.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी, म्हणजे हॅमस्ट्रिंगसाठी, 'नॉर्डिक' करून घ्या. गुडघ्यांवर उभं राहायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकायचं, तोल सुटला की हातांवर पडायचं. बहुतेक मुलं कमरेत वाकून उतरतात, तेव्हा व्यायाम झालाच नाही असं धरा. पहिल्या आठवड्यात एकदाच, ५ चे २ संच. दुसऱ्या आठवड्यात दोनदा, ६ चे २ संच. तिसऱ्यात तीनदा, ६ ते ८ चे ३ संच. चौथ्यात ८ ते १० चे ३ आणि पाचव्यापासून १२, १० आणि ८. पहिल्याच दिवशी तीस करून घेतले तर मुलं दोन दिवस पायऱ्या उतरू शकत नाहीत आणि तिसऱ्या दिवशी सरावाला येत नाहीत. हा व्यायाम सरावाच्या शेवटी ठेवा, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी नको.

बसून तंगड्या मिनिटभर ताणण्याची जुनी रीत खेळ संपल्यावर ठेवा. खेळाआधी एकच स्नायू मिनिटभर ताणून धरला तर काही वेळ त्याचा झटका कमी होतो, आणि चढाईत झटकाच लागतो.

मैदानावर ओळखायचं कसं : गुडघ्यात 'फट्' झालं, खेळाडू खाली बसला आणि दोन तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साचलंय, लिगामेंट गेल्याची शक्यता मोठी. सूज दुसऱ्या दिवशी आली तर बहुधा गादी, म्हणजे मेनिस्कस. दोन्ही वेळा 'बघू, उठून चाल' नाही.

प्रश्न : आमच्या चेडवाचो पाय कबड्डी खेळताना मुरगळलो. वय १६. घोटो सुजलो हा. शेजारचे सांगतत, गरम तेलान रगडून चोळ, वाडीत एक म्हातारे हाड बसवतत त्यांच्याकडे ने. काय करूचा? एक्स-रे काढूक होयो काय?
— एक आई, मालवण

उत्तर : पत्र जसं आलं तसंच छापलं आहे, कारण हा प्रश्न किनाऱ्यावरच्या प्रत्येक घरात याच शब्दांत विचारला जातो.

चोळू नका. आत बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, चोळून त्या जास्त गळतात. पहिले तीन दिवस तेल, शेक, लेप काही नको. आणि 'बसवायला' इथे काही निसटलेलं नसतं, घोट्याचे बंध ताणलेले असतात. हाड खरंच मोडलं असेल तर ओढाओढीने तुटकी टोकं सरकतात.

एक्स-रे हवा का, हे ठरवायला कॅनडातल्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले 'ऑटावा नियम' आहेत. घरीही तपासता येतात. पडल्यावर लगेच आणि आताही चेडवाला, म्हणजे मुलीला, चार पावलं टाकता येतात का? लंगडत चालेल, पण चार. मग बोटाने दाबा : घोट्याच्या बाहेरच्या आणि आतल्या उंचवट्याची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटरपर्यंत, पायाच्या बाहेरच्या कडेच्या मधोमध, करंगळीच्या रेषेत हाताला लागणारं हाड, आणि आतल्या बाजूला, घोट्याच्या पुढचं उंच हाड. चार पावलं जमत नसतील किंवा या हाडांवर दाबून दुखत असेल, तर एक्स-रे. हाडावर दुखत नाही, फक्त घोट्याच्या पुढे-खाली मऊ भागात दुखतं आणि चालता येतं, तर मोडलं नसण्याची खात्री बरीच. बोटं बधिर झाली, थंड पडली किंवा घोटा वाकडा दिसत असेल तर तपासत बसू नका, थेट रुग्णालय.

बर्फ फडक्यात गुंडाळून १५ मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. मासळीचा बर्फ चालतो, फक्त फडकं स्वच्छ असू द्या आणि बर्फ थेट कातडीला लावू नका. क्रेप बँडेज बोटांपासून सुरू करून वर पोटरीच्या मध्यापर्यंत. घोट्यापासून सुरू केलं तर सूज पंजात उतरते. रात्री सोडा. तिसऱ्या दिवसापासून पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरवायला सांगा, दिवसातून तीन वेळा. आठवड्याभरात दात घासताना दुखऱ्या पायावर ३० सेकंद उभं राहणं, ते जमलं की डोळे मिटून. हा तोलाचा व्यायाम सहा आठवडे करायचा, दुखणं आधीच थांबलं तरी. सूज उतरली की लोक सोडून देतात, आणि त्याच पायाचा घोटा वर्षात पुन्हा मुरगळतो. दुखऱ्या पायावर दहा उड्या आणि पूर्ण वेगात नागमोडी धाव बिनत्रास जमली, की खेळ.

प्रश्न : मुलगा १५ वर्षांचा, उजव्या हाताने वेगवान गोलंदाजी करतो. शनिवार-रविवारी टेनिस चेंडूच्या स्पर्धांत दिवसाला चार-पाच सामने. कमरेत डाव्या बाजूला दुखतं. चेंडू तर हलका असतो, मग कमरेला काय झालं?
— एक पालक, चिपळूण

उत्तर : कमरेवरचा भार चेंडूच्या वजनाचा नसतो. पुढचा पाय जमिनीवर आपटतो तेव्हा शरीराच्या वजनाच्या कित्येक पट धक्का वर येतो, त्याच क्षणी कंबर मागे आणि बाजूला वाकलेली असते. उजव्या हाताच्या गोलंदाजाला डाव्या कमरेत दुखणं, तेही वाढीच्या वयात, ही मणक्याच्या मागच्या भागात भेग जाण्याची ठरलेली रीत आहे. त्याला डाव्या पायावर उभं करून मागे वाकायला सांगा. नेमकी तिथेच कळ आली तर गोलंदाजी आजपासून बंद आणि क्रीडावैद्यक किंवा मणक्याच्या डॉक्टरांकडे. इथेही एक्स-रे साफ येऊ शकतो. भेग लवकर पकडली तर साधारण तीन महिने किंवा जास्त विश्रांतीने बहुधा भरते. दुखत असताना खेळवत राहिलात तर कायमची राहू शकते.

इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाची वेगवान गोलंदाजांसाठीची मर्यादा लक्षात ठेवा : १३ वर्षांखाली एका सलग टप्प्यात (स्पेलमध्ये) ५ आणि दिवसाला १० षटकं, १५ खाली ६ आणि १२, १७ खाली ७ आणि १८. 'आमच्या सामन्यात तो दोनच षटकं टाकतो' हा हिशेब अपुरा आहे. पाच सामन्यांची दहा षटकं, प्रत्येक सामन्याआधीचे वॉर्मअपचे चेंडू आणि अंगणातला सराव, सगळं वहीत लिहा. मुलाने आठवड्यात टाकलेले चेंडू मोजल्यावर पालक गप्प होतात.

प्रश्न : १२ वर्षांच्या मुलीच्या गुडघ्याखाली, पुढच्या बाजूला गाठ आलीय, दाबल्यावर दुखते. खो-खो बंद करायचा का?
— वाचक, महाड

उत्तर : गाठ वाटीच्या खाली, मधोमध, हाडासारखी टणक आणि उड्या मारल्यावर दुखणारी असेल तर ते वाढीच्या वयातलं ऑसगुड-श्लॅटर नावाचं दुखणं आहे. मांडीची शीर वाढत्या हाडाला ओढते. खेळ बंद नको. पाटीवर बसणं-उठणं आणि उड्या निम्म्यावर आणा, दुखणं दहापैकी तीनच्या आत ठेवा. वाढ थांबली की जातं, गाठ कधी कधी राहते. रात्री ठणकत असेल, ताप असेल, किंवा दुखणं एकाच पायात वाढतच असेल तर मात्र डॉक्टर.

प्रश्न : मे महिन्यात दुपारच्या सामन्यांत मुलांना वांब येतात, एकजण चक्कर येऊन पडला. शहाळं चांगलं की बाटलीतलं स्पोर्ट्स ड्रिंक?
— मंडळाचा कार्यकर्ता, गुहागर

उत्तर : दोन्हींच्या आधी सामन्याची वेळ बदला. आपल्याकडे हवा दमट, घाम गळतो पण सुकत नाही, आणि घाम सुकल्याशिवाय अंग थंड होत नाही. ३३ अंशांचा कोकणातला दिवस म्हणून ४० अंशांच्या कोरड्या दिवसाइतका त्रास देऊ शकतो.

शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामात जातं ते मुख्यतः सोडियम. म्हणून शहाळ्यात चिमूटभर मीठ टाका, किंवा मीठ घातलेलं कोकम सरबत द्या. घरचं साधं पेय : एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त पडलं तर उलटी होते. किती प्यायचं? खेळाआधी आणि नंतर वजन करा. एक किलो घटलं तर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर. वजन वाढलं असेल तर नुसतं पाणी जास्त झालंय, तेही घातक. वांब आल्यावर स्नायू सावकाश ताणून धरा. वांब नुसत्या पाणी-मिठानेच येत नाहीत, थकलेल्या स्नायूलाही येतात. म्हणूनच ते दिवसाच्या चौथ्या सामन्यात जास्त दिसतात.

चक्कर येऊन पडलेला खेळाडू बडबडत असेल, गोंधळला असेल, अंग चटका बसेल इतकं गरम असेल तर तो उष्माघात. आधी थंड करा, मग हलवा. ताडपत्री चार कोपऱ्यांनी उचलून तिच्यात विहिरीचं पाणी आणि मासळीचा बर्फ घाला, मान वर धरून गळ्यापर्यंत बुडवा. ते नसेल तर सतत पाणी ओता आणि वारा घाला. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही असं समजू नका. शुद्ध नीट नसेल तर तोंडात काही घालू नका. १०८ ला फोन त्याच वेळी दुसऱ्याने करायचा.

प्रश्न : गुडघ्याची कॅप रोज घालावी का?
— वाचक, सावंतवाडी

उत्तर : उबेसाठी आणि धीरासाठी हरकत नाही. लिगामेंट ती वाचवत नाही. घोट्याचा पट्टा मात्र एकदा मुरगळलेल्या पायाला खरंच उपयोगी, सामन्यांत वर्षभर वापरा.

प्रश्न : मी सकाळी रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मासेमारीचं जाळं) ओढायला जातो, संध्याकाळी दोन तास कबड्डी. खांदा आणि कंबर आखडलीय. मित्र म्हणतात जिममध्ये पाठीचे व्यायाम वाढव.
— वय २४, वेंगुर्ले

उत्तर : मित्रांनी रापण मोजलेली नाही. प्रत्येक कामाची मिनिटं गुणिले ते किती जड गेलं याचे दहापैकी गुण, असा रोजचा आकडा लिहा. रापण ९० मिनिटं, गुण ७, झाले ६३०. कबड्डी १२० मिनिटं, गुण ६, झाले ७२०. जिमला जायच्या आधीच तुम्ही १३५० वर आहात. ज्या आठवड्यात मासळी जास्त म्हणून रापणी दोनदा लागतात, त्या आठवड्यात कबड्डीचा एक दिवस सोडा.

ओढणं तुमचं भरपूर होतं, पाठीचं आणखी ओढणं नको. दंड १२ चे ३ संच, दोर किंवा रबरी पट्ट्याने खांदा बाहेर फिरवणं १५ चे ३, प्लँक, आणि वजन घेऊन एका पायावर पुढे वाकणं प्रत्येकी ८ चे ३, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास पुरे. रापण ओढताना कंबर गोल करून मागे झुकण्याऐवजी खुब्यात बसा, टाचा वाळूत रुतवा आणि मधूनमधून दोराची बाजू बदला. जड व्यायाम पावसाळ्यासाठी ठेवा, समुद्र खवळला की रापण थांबते तेव्हा. नारळी पौर्णिमेनंतर ती पुन्हा लागली की पहिले दोन आठवडे जिम निम्म्यावर आणा.